विकसनशील देशात सीएनजी स्टेशन उभारताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीएनजी म्हणजे दाबून भरलेला नैसर्गिक वायू. त्याचं स्टेशन काढू पाहणारे व्यापारी, पालिकेचे अधिकारी, बस डेपोचे व्यवस्थापक आणि गाडी गॅसवर चालवणारं किट बसवावं की नाही या विचारात पडलेले टॅक्सीवाले यांनी मला वेळोवेळी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माझा कल मी लपवत नाही. मी रांगेतल्या चालकाच्या बाजूने विचार करतो. स्टेशन बंद पडलं तर मालकाचा महिन्याचा नफा बुडतो, पण कर्ज काढून किट बसवलेल्या चालकाची त्या दिवशीची चूल अडते.

पेट्रोल पंप चालवायचा अनुभव आहे. सीएनजी स्टेशन चालवण्यात वेगळं ते काय?

पेट्रोल पंप हे दुकान आहे, सीएनजी स्टेशन हा छोटा कारखाना आहे. पेट्रोल टँकरने येतं, जमिनीखालच्या टाकीत उतरतं आणि तिथून गाडीत जातं. गॅसचं तसं नाही. वाहिनीतून आलेला गॅस मोजायचा, गाळायचा, सुकवायचा, कॉम्प्रेसरमध्ये टप्प्याटप्प्याने २५० बारपर्यंत दाबायचा, कॅस्केडमध्ये, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या सिलिंडरांच्या संचात, साठवायचा आणि मग गाडीत २०० बारला भरायचा. मोटारीच्या टायरमध्ये हवा दोन-सव्वादोन बार असते, त्यावरून या दाबाचा अंदाज यावा. कॉम्प्रेसर दिवसाचे सोळा-अठरा तास चालतो, तापतो, थरथरतो. त्याचे व्हॉल्व्ह आणि रिंगा झिजतात, बदलाव्या लागतात.

दुसरा फरक साठ्याचा. पेट्रोल पंपाच्या पोटात दोन-तीन दिवसांचा माल असतो. सीएनजी स्टेशनच्या कॅस्केडमधला गॅस गर्दीच्या वेळी अर्धा तासही पुरत नाही. मागची वाहिनी थांबली की पुढची नोझल थांबलीच म्हणून समजा.

सुरुवात कशापासून करायची? जागेपासून, यंत्रापासून की परवान्यापासून?

गॅसपासून. हे उत्तर इतकं साधं आहे की बहुतेक लोक ते ऐकून पुढे जातात आणि कॉम्प्रेसरची कोटेशनं मागवायला लागतात.

पाकिस्तानात काय झालं ते पाहा. घरचा गॅस मुबलक आहे असं धरून तिथे सीएनजीला मोकळीक मिळाली. २००९-१०च्या सुमारास वीस लाखांहून अधिक गाड्या गॅसवर धावत होत्या आणि अर्जेंटिनाला मागे टाकून पाकिस्तान जगात पहिला झाला होता. स्टेशनंही तीन हजारांच्या वर गेली. त्याच काळात वीजनिर्मिती, खत कारखाने आणि घरगुती चुली यांची गॅसची मागणी वाढत गेली, विहिरींतलं उत्पादन मात्र तितकं वाढलं नाही. मग आठवड्यातले काही दिवस स्टेशनं बंद ठेवायचे हुकूम निघाले, आणि थंडीत तर बऱ्याच भागांत त्यांना दीर्घकाळ गॅसच मिळाला नाही. २०१५मध्ये बाहेरून द्रवरूप गॅस आणायला सुरुवात झाली, पण तोवर कित्येक मालकांची यंत्रं गंजत पडली होती आणि चालक पेट्रोलकडे परतले होते. यंत्रात दोष नव्हता, चालकांत नव्हता. टंचाईत गॅस आधी कुणाला द्यायचा, या यादीत वाहनं खाली होती आणि ही गोष्ट गुंतवणूक करणाऱ्यांना कुणी आधी सांगितली नव्हती.

म्हणून पुरवठा कंपनीला चार गोष्टी लेखी विचारा: रोज किती गॅस, किती दाबाने, किती वर्षं, आणि टंचाई आली तर कपात कुणापासून सुरू होणार. चौथ्या प्रश्नाचं उत्तर टाळलं गेलं तर जागेचा सौदा करू नका.

गाड्या नाहीत म्हणून स्टेशन नाही, स्टेशन नाही म्हणून गाड्या नाहीत. हा पेच सुटतो कसा?

खासगी मोटारींच्या मागे लागून सुटत नाही. रोज भरपूर धावणाऱ्या, ठरावीक जागी परतणाऱ्या गाड्या आधी धरायच्या: शहर बस, टॅक्सी, रिक्षा, कचरागाड्या, माल वाटणारे टेम्पो. दिवसाला दीडशे किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीचा किटचा खर्च काही महिन्यांत भरून येऊ शकतो. रविवारीच बाहेर पडणाऱ्या मोटारीला त्यासाठी कित्येक वर्षं लागतात. अर्जेंटिनात १९८४मध्ये कार्यक्रम सुरू झाला तेव्हा टॅक्सीवालेच आधी आले. ढाक्यात टू-स्ट्रोक रिक्षा २००३च्या सुरुवातीपर्यंत हटवल्या गेल्या आणि त्यांच्या जागी गॅसवरच्या फोर-स्ट्रोक आल्या. आज तिथले लोक त्या रिक्षेलाच ‘सीएनजी’ म्हणतात.

हुकूम काढूनही गाड्या आणता येतात, पण मग स्टेशनांनी मागे राहून चालत नाही. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी आदेश दिला की ३१ मार्च २००१पर्यंत शहरातल्या सगळ्या बस गॅसवर आल्या पाहिजेत. मुदत उलटली तेव्हा ना पुरेशा बस होत्या, ना पुरेशी स्टेशनं. रिक्षा आणि बस रात्र-रात्र रांगेत उभ्या राहिल्या. बदल शेवटी झाला, २००२च्या अखेरीपर्यंत शहर बससेवेतून डिझेल गेलं आणि त्याचा शहराला फायदाही झाला. पण मधल्या दीड वर्षाची किंमत चालकांनी झोप मोडून मोजली. त्यांच्याऐवजी ती नियोजनाने मोजायला हवी होती.

प्रमाण किती असावं? ढोबळ हिशेब असा की एका स्टेशनामागे साधारण हजार गाड्या असल्या की दोघांचं भागतं. दोनशे-तीनशेच असतील तर मालक कर्जाचा हप्ता भरू शकत नाही. दोन-तीन हजार झाल्या तर रांग इतकी लांबते की नवा माणूस किट बसवायला धजत नाही.

किटसाठी पैसे नसलेल्या चालकाचं काय?

पेरूने काढलेली वाट मला आजवर पाहिलेल्यांत सगळ्यात समंजस वाटते. २००४मध्ये कामिसेआ या तिथल्या वायुक्षेत्राचा गॅस राजधानी लिमात पोहोचला. त्यानंतर चालकांना किटसाठी कर्ज देण्यात आलं आणि गाडीत एक इलेक्ट्रॉनिक चिप बसवली गेली. गॅस भरताना नोझल चिप वाचते आणि प्रत्येक भरण्यामागे ठरलेला हिस्सा कर्जात वळता होतो. ज्या दिवशी धंदा चांगला, त्या दिवशी जास्त फेड. आजारी पडून गाडी उभी राहिली तर हप्ता चुकल्याचा ठपका नाही. ज्याच्या हातात पगाराची पावती नाही त्यालाही यात कर्ज मिळतं, कारण तो रोज किती गॅस भरतो हीच त्याची पत. त्याच चिपमुळे तपासणीची मुदत संपलेल्या गाडीला गॅस नाकारता येतो, हा दुसरा लाभ.

आमच्या गावापर्यंत गॅसवाहिनी नाही. मग स्टेशन अशक्य का?

अशक्य नाही, महाग आहे. वाहिनीवर एक मोठं मदर स्टेशन असतं. तिथे ट्रकवरचे कॅस्केड भरतात आणि ते गावातल्या डॉटर स्टेशनला नेतात. ७५ लिटरचे ४० सिलिंडर म्हणजे ३,००० लिटर धारणेचा कॅस्केड. २०० बारला त्यात साडेचारशे ते पाचशे किलो गॅस मावतो.

खरी गोम पुढे आहे. गॅस जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाहतो. कॅस्केड २०० बारवर असताना पहिल्या गाड्या झकास भरतात. तो दीडशेवर आला की पुढच्या गाडीलाही दीडशेच मिळतात. त्यामुळे बूस्टर, म्हणजे उतरलेला दाब पुन्हा चढवणारा छोटा कॉम्प्रेसर, नसलेल्या डॉटर स्टेशनावर कॅस्केडमधला जेमतेम तिसरा हिस्सा कामी येतो आणि उरलेला गॅस त्याच ट्रकवर बसून परत जातो. बूस्टर बसवला तर कॅस्केड तीसेक बारपर्यंत रिकामा करता येतो. रोज ५,००० किलो विकायचे असतील तर बूस्टरसह बारा-तेरा फेऱ्या पुरतात, त्याच्याशिवाय तीसच्या वर लागतात. बूस्टरचे पैसे वाचवणारा माणूस ते डिझेल आणि टायरांवर घालवतो.

अंतर दीड-दोनशे किलोमीटरच्या पुढे गेलं की द्रवरूप गॅसचा विचार करा. उणे १६२ अंशांना गॅसचं आकारमान सुमारे सहाशे पटींनी घटतं, त्यामुळे एका टँकरमधून कॅस्केडच्या अनेक पट माल येतो. स्टेशनवर तो पंपाने दाबून, वाफेत बदलून सीएनजी म्हणून भरतात. मात्र टाकी कितीही चांगली असली तरी द्रव हळूहळू उकळतच असतो. खप कमी असेल तर तो वाफेने वाया जातो, म्हणून हा पर्याय चालू बाजारपेठेसाठी, पहिल्या पन्नास गाड्यांसाठी नव्हे.

कॉम्प्रेसर किती क्षमतेचा घ्यावा?

दिवसाच्या सरासरीवर घेऊ नका. समजा ७०० रिक्षा रोज प्रत्येकी ४ किलो आणि ३०० टॅक्सी प्रत्येकी ८ किलो भरतात. एकूण ५,२०० किलो. चोवीस तासांनी भागलं तर तासाला सव्वादोनशेच्या आत उत्तर येतं आणि कागदावर छोटं यंत्र पुरेसं दिसतं. पण रिक्षा चोवीस तासांत सारख्या वाटून येत नाहीत. सकाळी पाळी बदलताना दोन तास आणि संध्याकाळी तीन तास, एवढ्यात निम्मा खप होतो. म्हणजे पाच तासांत २,६०० किलो, तासाला ५२०. कॅस्केड यातला थोडा भार उचलेल, उरलेला कॉम्प्रेसरनेच उचलायचा आहे.

मी एकाच मोठ्याऐवजी दोन मध्यम यंत्रं सुचवतो. एक दुरुस्तीला उघडलं तरी अर्धं स्टेशन चालू राहतं. सुटे भाग सातासमुद्रापलीकडून येऊन जकातीत अडकतात अशा देशात हे ‘अर्धं’ फार मोलाचं आहे.

नळ्यांचाही हिशेब ठेवा. गाडी लागणं, माणसं उतरणं, भरणं, पैसे देणं, निघणं हे सगळं धरून एका नळीवर तासाला बारा-पंधरा गाड्यांपेक्षा जास्त अपेक्षा करू नये.

वाहिनीतला दाब थोडा कमी आहे. एवढा फरक पडतो का?

पडतो. २० बारला आलेला गॅस २५०वर न्यायचा तर साडेबारा पट दाबायचा, दोन-तीन टप्प्यांत काम होतं. तोच २ बारला आला तर सव्वाशे पट, म्हणजे चार-पाच टप्पे, जास्त वीज, जास्त कूलिंग, जास्त झीज. शहरातल्या घरगुती जाळ्यावर जोडणी स्वस्तात मिळते म्हणून घेतात आणि नंतर प्रत्येक किलोमागे विजेचं बिल भरत बसतात. शक्य तर पोलादी मुख्य वाहिनीवर जोडणी घ्या, थोडी दूर असली तरी. आणि दाब कागदावरचा धरू नका. संध्याकाळी सात वाजता, थंडीच्या दिवसांत, प्रत्यक्ष गेज लावून पाहा.

पंपावर काटा २००वर होता, सकाळी १७५वर आला. चालक म्हणतो फसवलं. खरं काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे. एकदा एका टॅक्सीवाल्याने माझा हात धरून डिकीतल्या सिलिंडरला लावला. नुकताच भरलेला सिलिंडर चहाच्या किटलीसारखा कोमट लागत होता. त्या ऊबेतच उत्तर आहे. गॅस भरभर आत कोंबला की तो तापतो आणि तापलेला गॅस कमी वजनातही जास्त दाब दाखवतो. डिस्पेन्सर, म्हणजे गाडीत गॅस भरणारं यंत्र, २०० बार पाहून थांबतो. रात्री सिलिंडर निवतो आणि काटा उतरतो. गळती नसते.

मीटर वजनावर चालत असेल तर चालकाने जितके किलो घेतले तितक्याचेच पैसे दिलेले असतात. त्याचा तोटा वेगळा आहे: टाकी पूर्ण भरत नाही, त्यामुळे त्याला दिवसातून एकदा जास्त रांगेत उभं राहावं लागतं. उष्ण देशात हा त्रास मोठा असतो. उपाय आहेत. कॅस्केडचे कमी, मध्यम आणि उच्च दाबाचे तीन गट करून क्रमाने भरणं, कॉम्प्रेसरनंतरचं कूलिंग चांगलं ठेवणं आणि तापमान पाहून थांबण्याचा दाब ठरवणारा डिस्पेन्सर घेणं. आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०० बारच्या सिलिंडरमध्ये भरतानाचा दाब २६० बारपर्यंत चालतो, अट एवढीच की निवल्यावर तो २००वर यावा. पण देशाचा नियम परवानगी देत असेल आणि गाड्यांतले सिलिंडर खरोखर त्या दर्जाचे असतील तरच हे करावं.

एक काम आजच करता येतं: काटा का उतरतो ते तीन वाक्यांत डिस्पेन्सरशेजारी फलकावर लिहा. निम्मी भांडणं मिटतात.

गॅस म्हणजे गॅस. त्याची शुद्धता कशाला तपासायची?

पाणी, तेल आणि गंधक हे तीन शत्रू आहेत. ओला गॅस २०० बारवरून झटकन खाली आला की एवढा थंड होतो की पाणी आणि मिथेन (या गॅसचा मुख्य घटक) मिळून बर्फासारखे खडे धरतात आणि झडप तुंबते. गरम हवेच्या देशातही हे होतं, लोकांचा विश्वास बसत नाही. हायड्रोजन सल्फाइड आणि ओलावा एकत्र आले तर सिलिंडरचं पोलाद आतून तडकू लागतं, आणि ते बाहेरून दिसत नाही. तेल कॉम्प्रेसरमधूनच येतं: रिंगा झिजल्या, फिल्टर वेळेवर बदलला नाही की ते गॅसबरोबर गाडीत जाऊन रेग्युलेटर आणि इंजेक्टर चिकट करतं. स्टेशनवरच्या फिल्टरचं झाकण उघडल्यावर तळाशी काळपट तेलाचं थारोळं दिसलं, तर शहरातल्या मेकॅनिककडे गाड्या का वाढल्या आहेत ते समजून जा. ड्रायर आणि फिल्टर हा खर्च कापायचा नाही.

कोणती मानकं धरावीत?

स्टेशनासाठी आयएसओ १६९२३, गाडीतल्या सिलिंडरसाठी आयएसओ ११४३९, गॅसच्या दर्जासाठी आयएसओ १५४०३. अमेरिकी परंपरेत एनएफपीए ५२ आहे. नवं शून्यातून लिहीत बसण्यापेक्षा यातलं एक घर निवडा आणि त्यातच राहा. अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं घेतलं की तपासणी अधिकाऱ्याला कशाशी ताडून पाहायचं तेच कळत नाही.

नोझलचा आकार मात्र पहिल्या दिवशी संपूर्ण देशासाठी एकच ठरवा. जगात न्यूझीलंड पद्धतीची, अर्जेंटिना पद्धतीची आणि एनजीव्ही-१ अशी वेगवेगळी तोंडं आहेत. एकाच देशात दोन रुजली की लोक जोडतुकडे वापरू लागतात आणि २०० बारवर जोडतुकडा म्हणजे अपघाताला आमंत्रण.

सीएनजीचा स्फोट होतो का? खरं सांगा.

खरंच सांगतो. मिथेन हवेपेक्षा हलका आहे, गळला की वर निघून जातो. हवेत त्याचं प्रमाण ५ ते १५ टक्के असेल तरच पेटतो आणि आपोआप पेटायला पाचशे अंशांहून अधिक तापमान लागतं. त्या बाबतीत जमिनीवर साचणाऱ्या पेट्रोलच्या वाफेपेक्षा तो बरा. पण धोका केवळ आगीचा नाही, दाबाचा आहे. सिलिंडर फुटला तर न पेटताही जीव जातो.

आणि फुटतात ते बहुतेक वेळा कुठले? स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर रंगवून बसवलेला, भंगारातून आणलेला, वेल्डिंग केलेला, वर्षानुवर्षं न तपासलेला, पट्टा सैल होऊन चेसिसवर घासून गंजलेला. एलपीजीचा सिलिंडर २०० बारसाठी बनलेलाच नसतो. त्यात सीएनजी भरणं म्हणजे बॉम्ब भरणं, आणि भरणारा कामगार त्यापासून हातभर अंतरावर उभा असतो. त्या कामगाराला नकार द्यायचा अधिकार आहे का, हा मी कुठल्याही स्टेशनवर विचारलेला पहिला प्रश्न असतो. गिऱ्हाईक परत पाठवलं म्हणून मालक त्याच्यावर ओरडणार असेल तर बाकीचे सगळे नियम भिंतीवरच राहतात.

व्यवस्था अशी हवी की नकार एकट्या कामगाराच्या हिमतीवर राहू नये. अर्जेंटिनात वैध स्टिकर नसलेल्या गाडीला गॅस भरता येत नाही आणि तो दरवर्षी तपासणीनंतरच मिळतो. भारतात गाडीतल्या सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रोटेस्ट सक्तीची आहे, म्हणजे पाण्याने कामाच्या दाबापेक्षा खूप जास्त दाब देऊन पाहतात. पण त्यासाठी चाचणी केंद्रं जवळ हवीत. स्टेशनं शंभर आणि चाचणी केंद्र एक, तेही राजधानीत, असं असेल तर खोटे दाखले निघणारच. स्टेशनांचे परवाने देताना चाचणी केंद्रांचीही सोय त्याच फायलीत बसवा.

भरताना प्रवासी खाली उतरवा, मुलांना आधी. पाऊस असला तरी. त्यासाठी छप्पर मोठं करा.

जागा कशी निवडावी?

रांग कुठे उभी राहणार ते आधी आखा. पन्नास रिक्षा म्हणजे दीडशे मीटर. ही जागा आवारात नसेल तर ती रस्त्यावर जाईल आणि महिन्याभरात वाहतूक पोलीस स्टेशन बंद करायला येतील. छप्पर असं असावं की त्याच्या पोटात गॅस अडकून राहणार नाही. कॉम्प्रेसरचा आवाज रात्री दूरवर जातो, शेजारी घरं असतील तर आवाज अडवणारी पेटी पहिल्याच खरेदीत घ्या.

वीज सारखी जाते. काय करावं?

कॉम्प्रेसर गॅस इंजिनावरही चालतो, इंधन दारातच आहे. देखभाल जास्त लागते, पण ग्रिड बेभरवशाचं असेल तिथे हा पर्याय गंभीरपणे तपासा. डिझेल जनरेटर डिस्पेन्सर, दिवे आणि सुरक्षा यंत्रणेपुरता ठेवा. त्यावर मुख्य कॉम्प्रेसर रोज चालवायचं ठरवलं तर दराचं गणित कोसळतं.

दर कसा ठेवावा?

एक किलो सीएनजीत साधारण १.४ लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा असते. चालक हे आकडे पाहत नाही, तो किलोमीटरमागे किती पडलं ते पाहतो आणि त्यात तो पक्का असतो. फरक इतका हवा की किट, सिलिंडरने अडवलेली डिकी आणि रांगेत गेलेला वेळ या तिन्हींची भरपाई व्हावी. शिवाय तो टिकायला हवा. न्यूझीलंडने १९७९मध्ये मोठ्या उत्साहाने कार्यक्रम सुरू केला, ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत लाखभर गाड्या गॅसवर आणल्या. मग सवलती आणि स्वस्त कर्जं काढून घेतली गेली, तेलही स्वस्त झालं आणि थोड्याच वर्षांत सगळं विरलं. श्रीमंत देशात लोक सोसून गेले. जिथे किटचं कर्ज घर गहाण ठेवून काढलेलं असतं तिथे असा झटका देऊ नये. दर बदलायचाच असेल तर पेट्रोलच्या दराशी त्याचं प्रमाण काही वर्षांसाठी जाहीर करा.

उलट टोकही वाईट. गॅस फुकटासारखा ठेवला की स्टेशन मालकाला देखभालीपुरतंही उरत नाही. पेट्रोलचा दरही यात येतो. नायजेरियात मे २०२३मध्ये पेट्रोलवरचं अनुदान काढलं आणि त्यानंतर सरकारने सीएनजीचा कार्यक्रम हाती घेतला. पेट्रोलवर मोठं अनुदान असेपर्यंत गॅसला जागाच नसते, हे त्यातून दिसतं.

गुंतवणुकीत लोक कुठे चुकतात?

चलनात. यंत्र परकीय चलनात, सुटे भाग परकीय चलनात, आयात गॅस असेल तर तोही. मिळकत मात्र स्थानिक नाण्यांत, रिक्षावाल्याच्या खिशातून. चलन घसरलं की चालू स्टेशनही कर्जात जातं. शक्य तितकं कर्ज स्थानिक चलनात घ्या, आणि दोन वर्षांचे व्हॉल्व्ह, रिंगा, सील आणि नळ्या पहिल्याच खरेदीत मागवा.

जुने डिझेल ट्रक गॅसवर करावेत का?

घाईने नको. पेट्रोल इंजिनात ठिणगी असते, डिझेलमध्ये नसते आणि मिथेन नुसत्या दाबाने पेटत नाही. म्हणजे एकतर डिझेलसोबत गॅस जाळायचा, नाहीतर इंजिन उघडून स्पार्क प्लग बसवायचे. कारखान्यातून गॅसवर आलेली बस बहुतेक वेळा स्वस्त पडते. शिवाय तेवढ्याच अंतरासाठी गॅसच्या टाक्या डिझेलच्या टाकीच्या चार-साडेचार पट जागा घेतात.

पर्यावरणाचा फायदा खरा आहे?

शहराच्या हवेपुरता नक्की: डिझेलची काजळी जवळजवळ जाते. हवामानाबद्दल जपून बोलावं. जळताना पेट्रोलपेक्षा कार्बन डायऑक्साइड सुमारे पाव हिस्सा कमी निघतो, पण न जळता निसटलेला मिथेन वीस वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशी पटींहून अधिक उष्णता धरतो. गळकं स्टेशन हा फायदा खाऊन टाकतं. नळी सोडवताना होणारा ‘फुस्स’ आवाजही त्यातच आला. कॉम्प्रेसर थांबवताना सोडला जाणारा गॅस परत टाकीत घेणारी रचना मिळते, ती घ्या.

विजेच्या गाड्या येत आहेत. आता यात पैसे घालावेत का?

वीस वर्षांचं गणित मांडत असाल तर मी थांबवेन. आठ-दहा वर्षांत भांडवल सुटत असेल, घरचा गॅस असेल आणि बस-टॅक्सींची हमी असेल तर अजूनही जागा आहे. पोलादी चौकटीवर बसवलेलं, उचलून दुसरीकडे नेता येईल असं यंत्र निवडा. शेण, मळी आणि ओला कचरा यांपासून बनवलेला बायोगॅस शुद्ध केला की तोही याच कॉम्प्रेसरमधून, याच नोझलने भरता येतो. जिथे वाहिनी कधीच येणार नाही अशा गावांसाठी मला ही वाट जास्त जवळची वाटते.

सगळं बसलं. पहिल्या गाडीत गॅस भरण्यापूर्वी काय करावं?

नळ्यांमधली हवा नायट्रोजनने हाकलून द्या, हवा आत असताना गॅस सोडू नका. दाब टप्प्याटप्प्याने वाढवा आणि प्रत्येक टप्प्यावर प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहा, वेळ लागू द्या. आणीबाणीचं लाल बटण प्रत्येक कामगाराकडून स्वतःच्या हाताने दाबून घ्या, आणि कॉम्प्रेसर खरोखर थांबतो का ते सगळ्यांनी मिळून पाहा. चालकाने नळी लावलेली असतानाच गाडी पुढे घेतली तर तुटून आपोआप बंद होणारा जोड काम करतो का, तेही पाहा. मीटर प्रमाणित वजनाशी ताडून घ्या आणि शक्य असेल तर रिक्षा संघटनेच्या दोन माणसांना त्या वेळी शेजारी उभं करा.